मोबाइलमधला फोटो भिंतीवर किती मोठा होतो?

गणपतीला चाकरमानी गावी येतात. दीड दिवसाचा बाप्पा असो की अकरा दिवसांचा, मखराचे, माटवीचे (म्हणजे बाप्पाच्या वर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीचे), आरतीच्या गर्दीचे शेकडो फोटो मोबाइलमध्ये जमतात. विसर्जन झालं की त्यातला एखादा मोठा करून ओटीवर लावावा असं घरात कुणाच्या तरी मनात येतंच. मग चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुठल्याही फोटो लॅबच्या काउंटरवर हा संवाद होतो. ‘दादा, वीस बाय तीस करून द्या.’ ‘एवढा मोठा केला तर फाटेल हो.’ ‘अहो, पण मोबाइल पन्नास मेगापिक्सेलचा आहे!’

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. आपल्या किल्ल्याचा मोठा फोटो शाळेत, ग्रामपंचायतीत, होमस्टेच्या भिंतीवर असावा असं वाटणं साहजिक आहे, आणि तिथेही हाच प्रश्न येतो. लॅबवाला घाबरवत नसतो आणि गिऱ्हाईकही खोटं बोलत नसतं. दोघांच्या मधली माहिती कुणी सांगितलेली नसते, एवढंच.

मोजक्या चिऱ्यांची भिंत

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत चौकोनी ठिपक्यांची मांडणी. एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. बहुतेक मोबाइल रोजच्या वापरात १२ मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो साठवतात. आडवे ४०००, उभे ३०००, गुणाकार १ कोटी २० लाख.

आता जांभ्या चिऱ्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. चिरे मोजून आणलेत, खाणीतून आणखी मिळणार नाहीत. तेवढ्याच चिऱ्यांत भिंत लांब आणि उंच करायची म्हटली तर एकेक चिरा मोठा असायला हवा. फोटो मोठा छापताना हेच होतं. पिक्सेलांची संख्या वाढत नाही, एकेक पिक्सेल कागदावर जास्त जागा व्यापतो. भिंतीला नाक लावून पाहिलं तर चिरा न् चिरा, मधला सांधा न् सांधा दिसतो. रस्त्यावरून पाहिलं तर सलग तांबडी भिंत दिसते. लॅबवाला ‘फाटेल’ म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की चिरे वेगवेगळे दिसायला लागतील. ते दिसतील की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: चिरा केवढा झाला आणि आपण किती लांब उभे आहोत. पहिल्या गोष्टीबद्दल सगळे बोलतात, दुसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

तीनशेचा आकडा आला कुठून

छपाईच्या धंद्यात ‘तीनशे पाहिजे’ हे वाक्य सतत कानावर पडतं. म्हणजे कागदाच्या एका इंचात ३०० पिक्सेल. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. चांगल्या, म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर जिला ६/६ म्हणतात त्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. हातातला फोटो आपण साधारण एका फुटावरून बघतो. तेवढ्या अंतरावर हा बारकावा इंचात सुमारे २८७ ठिपके इतका भरतो. तोच पूर्ण शेकड्यात धरून ३०० झाला.

म्हणजे तीनशेचा नियम हातात धरायच्या फोटोचा आहे. त्या हिशेबाने १२ मेगापिक्सेलचा फोटो १३ बाय १० इंचांपर्यंत जातो (४००० भागिले ३००, ३००० भागिले ३००). २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा, म्हणजे ६००० × ४००० चा फोटो २० बाय १३ पर्यंत. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी लांबी-रुंदी दुप्पट झाली नाही, हे लक्षात घ्या. दोन्ही बाजू दुप्पट करायच्या तर मेगापिक्सेल चौपट लागतात. कॅमेरा बदलताना हा हिशेब बरेच जण विसरतात. आणि आपण केवढ्या श्रीमंतीत आहोत तेही बघा. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याच्या फोटोत १०० × १००, म्हणजे अवघे दहा हजार पिक्सेल होते. तीनशेच्या नियमाने तो फोटो एका इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा छापला गेला असता.

तुम्ही कुठे उभे राहून बघणार?

ओटीवरच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर लावलेला फोटो कुणी एका फुटावरून बघत नाही. अंतर वाढलं की नजरेची मागणी त्याच प्रमाणात कमी होते. हिशेब सोपा आहे: ३४४० ला (वरच्या २८७ च्या साधारण बारा पट) इंचांतल्या अंतराने भागा. तीन फुटांवरून दर इंची ९६ पिक्सेल पुरतात, सहा फुटांवरून ४८, दहा फुटांवरून २९. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून बघायच्या बॅनरला दहासुद्धा भरपूर होतात.

आता तोच १२ मेगापिक्सेलचा फोटो वीस बाय तीस इंचांत बसवा. तीस इंचांच्या लांब बाजूला ४००० पिक्सेल, म्हणजे दर इंची १३३. तीन फुटांवर ९६ लागतात. आरामात पास.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठं चित्र पूर्ण नजरेत यावं म्हणून माणूस आपोआप मागे सरकतो. साधारणपणे चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जेवढी लांबी, निदान तेवढ्या अंतरावर तो उभा राहतो. असं असेल तर चित्र पोस्टकार्डाएवढं असो की इमारतीएवढं, नजरेला लागणारे एकूण पिक्सेल तेवढेच राहतात आणि ते सहा मेगापिक्सेलांच्या आतच आहेत. २०१५ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ६ वर काढलेले फोटो जगभरच्या शहरांत होर्डिंगवर लावले, त्या फोनचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. आपल्या नाक्यावरचा वीस फुटी फ्लेक्सही असाच चालून जातो. ४००० पिक्सेल २४० इंचांत पसरले की दर इंची १७ सुद्धा उरत नाहीत, पण रिक्षा स्टँडवरून बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

पण माणसं जवळ जातातच

या हिशेबावर पहिला आक्षेप येतो तो खरा आहे. घरातले सगळे मिळून काढलेला फोटो भिंतीवर लावला की प्रत्येक जण जवळ जाऊन आपला, आपल्या पोराचा, गेलेल्या माणसाचा चेहरा शोधतो. तिथे कोपऱ्या-कोपऱ्याचं अंतर कुणी पाळत नाही.

समजा अंगणात चाळीस जण तीन रांगांत उभे आहेत. एका रांगेत तेरा-चौदा माणसं. ४००० पिक्सेलांची रुंदी त्यांच्यात वाटली की माणशी २८५ च्या आसपास पिक्सेल येतात, तेही खांद्यापासून खांद्यापर्यंत. चेहरा त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे जेमतेम शंभर पिक्सेल रुंद. एवढ्यात माणूस ओळखता येतो, पण आजीच्या नाकातली नथ नथ म्हणून दिसेलच असं नाही. असा फोटो बारा बाय अठराला छापा, दर इंची २२२ पिक्सेल मिळतात, जवळ गेलेल्यालाही समाधान मिळतं. याहून मोठा हवाच असेल तर तयारी फोटो काढतानाच करायला हवी. आजूबाजूचं रिकामं अंगण, वरचं आभाळ, कौलांचा अर्धा भाग फ्रेममधून काढून टाका आणि माणसांनी फ्रेम भरा. आजूबाजूला फुकट गेलेले पिक्सेल नंतर चेहऱ्यांवर आणता येत नाहीत.

गणपतीच्या फोटोत परीक्षा घेते ती माटवी. मूर्तीचा चेहरा मोठा आणि गुळगुळीत असतो, तो सहज निभावतो. वर टांगलेली कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे हे सगळं बारीक, एकमेकांत गुंतलेलं आणि अर्धवट अंधारात असतं. फोटो फाटायला लागतो तो तिथून. मोठा करायचा फोटो निवडताना मोबाइलवर बाप्पाचा चेहरा नव्हे, माटवीचा कोपरा मोठा करून बघा.

‘माझा मोबाइल दोनशे मेगापिक्सेलचा आहे’

असेल, पण नेहमीच्या मोडमध्ये तो सहसा दोनशेचा फोटो देत नाही. इतके पिक्सेल नखाएवढ्या चिपवर बसवले की एकेकाच्या वाट्याला फार थोडा प्रकाश येतो. म्हणून मोबाइल शेजारच्या पिक्सेलांचा गट करून त्यांचा एकच पिक्सेल बनवतो. ५० चे चार-चार, १०८ चे नऊ-नऊ, २०० चे सोळा-सोळा. तिन्हींचं उत्तर बारा-साडेबाराच्या आसपास येतं. पूर्ण मेगापिक्सेलचा मोड वेगळा निवडावा लागतो. भर उन्हात, मोबाइल स्थिर ठेवून, सिंधुदुर्गाच्या तटबंदीचा फोटो घ्यायला तो कामी येतो. संध्याकाळच्या आरतीला निरंजनाच्या उजेडात त्याचा उपयोग नाही, दाणेदार आणि पुसट फोटो मिळेल.

बोटांनी ताणून केलेला झूमही असाच फसवतो. मोबाइलला त्या पल्ल्याची वेगळी लेन्स नसेल तर दुप्पट झूम म्हणजे फोटोचा चौथा हिस्सा कापून घेणं. कॅमेराच १२ मेगापिक्सेलचा असेल तर तीनच उरतात, मग फाइलवर आकडा काहीही लिहिलेला असो.

फोटोचा घात होतो तो वाटेत

मला सर्वांत वाईट वाटतं ते इथे. चांगल्या मोबाइलवर काढलेला चांगला फोटो असतो, मुंबईहून भाऊ तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, इथून तो लॅबवाल्याला पुढे ढकलला जातो आणि प्रिंट हातात आल्यावर सगळे लॅबला नावं ठेवतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप लहान करतं. लांब बाजू बऱ्याचदा १६०० पिक्सेलांच्या आसपास उरते. १६०० × १२०० म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा नाहीत. बाराचे दोन झाले आणि कुणाला कळलंही नाही, कारण मोबाइलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. त्यावरून बारा बाय अठरा काढला तर दर इंची ८९ पिक्सेल मिळतात.

नुसते पिक्सेल कमी होतात असंही नाही. फाइल हलकी करताना चित्र आठ-आठ पिक्सेलांच्या चौकटींत तोडून प्रत्येक चौकटीतला बारकावा गाळला जातो. मोठ्या प्रिंटमध्ये मुकुटाच्या कडेने, काळोख्या भागात, निळ्या आभाळात जे डबे-डबे दिसतात ते हेच. पुन्हा पाठवताना, पुन्हा साठवताना नुकसान वाढू शकतं. स्क्रीनशॉट तर अजिबात देऊ नका.

उपाय फुकट आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा ईमेलने, पेन ड्राइव्हने, केबलने द्या. व्हॉट्सअ‍ॅपमधला एचडीचा पर्याय नेहमीच्यापेक्षा बरा, पण मूळ फाइल ती मूळ फाइल. पाठवण्याआधी फोटोच्या माहितीत ४००० × ३००० असा आकडा दिसतोय ना ते बघा. सणात चार जणांनी चार मोबाइलवर फोटो काढलेले असतात. ज्याचा निवडला त्याच्याकडूनच मूळ फाइल मागून घ्या, आणि ती त्याने मोबाइल बदलण्याआधी घ्या.

‘फाइल तीनशे डीपीआय करून द्या’

स्मरणिका किंवा लग्नपत्रिका छापणारे असं सांगतात (डीपीआय म्हणजे दर इंची ठिपके), आणि कुणीतरी संगणकावर ७२ चा आकडा खोडून ३०० टाकून देतो. त्याने काहीही बदलत नाही. तो आकडा म्हणजे फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी, ‘मला एवढ्या मापात छापा’ एवढंच ती सांगते. १६०० पिक्सेल असलेल्या फाइलवर ३०० लिहिलं तर ती सव्वापाच इंचांचा फोटो मागते, मोठा फोटो देत नाही. छापणाऱ्याला विचारायचं ते असं: ‘किती इंच छापणार?’ मग पिक्सेलांना इंचांनी भागा.

‘एआयने मोठा करून घेऊ की!’

करता येतो. अ‍ॅडोबीने २०२१ मध्ये आणलेल्या ‘सुपर रिझोल्यूशन’सारख्या सोयी दोन्ही बाजू दुप्पट करतात, पिक्सेल चौपट होतात. कडा सुबक येतात, चौकोन दिसत नाहीत. समुद्र, माडाच्या झावळ्या, तटबंदीचे दगड यांच्यासाठी मी हे खुशाल वापरीन. लाटेचा एखादा फेस मूळचा नसला तरी बिघडत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र माझा विरोध आहे. शंभर पिक्सेलांच्या चेहऱ्यात जे नव्हतंच ते ही यंत्रणा अंदाजाने भरते, आणि तो अंदाज हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेला असतो. काही अ‍ॅप तर डोळे, दात, कातडी सगळंच नव्याने रंगवतात. फोटो लख्ख होतो आणि आजोबा ओळखू येत नाहीत. ओटीवर लावायचा माणूस थोडा धूसर असला तरी चालेल, तो आपलाच असला पाहिजे.

समुद्राकाठची हवा

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचा फोटो काढताना मेगापिक्सेल कमी पडत नाहीत, हवा आडवी येते. दमट हवेतला धूसरपणा आणि दुपारी तापलेल्या वाळूवरून थरथरत वर जाणारी हवा तटबंदीचा बारकावा तुमच्या लेन्सपर्यंत पोचूच देत नाहीत. सकाळी लवकर, किंवा पाऊस पडून आभाळ उघडलं की काढा. लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, तो मऊ कपड्याने पुसा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काच धुकटते, थोडं थांबा. एवढं केलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो घाईत काढलेल्या पन्नासच्या फोटोपेक्षा मोठा छापता येतो.

प्रिंट घेताना मॅट कागद किंवा कॅनव्हास मागा. त्याचा खरखरीत पोत थोडा कमी बारकावा झाकून घेतो आणि पडवीकडून येणारा उजेड त्यावर चमकत नाही. फ्रेम करताना काच फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. कोकणातल्या पावसाळ्यात काचेला टेकलेला फोटो काचेलाच चिकटतो आणि सोडवताना सालपट निघतं. बाहेरून पाणी मारणाऱ्या भिंतीवरही तो लावू नये.

दोन्ही बाजूंच्या समया

मोबाइलचा फोटो ४:३ चा असतो, बारा बाय अठरा किंवा वीस बाय तीसचा कागद ३:२ चा. कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा नववा हिस्सा कापला जातो. आडव्या फोटोत वरून-खालून, उभ्या फोटोत डाव्या-उजव्या बाजूने. बाप्पाच्या उभ्या फोटोतल्या दोन्ही समया जातात त्या अशा. ‘पूर्ण फोटो घ्या, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल’ असं आधीच सांगा.

ट्रंकेतले जुने फोटो

मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, काचेची चमक आणि तिरकेपणा दोन्ही येतात. चार बाय सहाचा जुना फोटो स्कॅनरवर दर इंची ६०० ला स्कॅन केला तर ३६०० × २४०० पिक्सेल मिळतात, म्हणजे आठ बाय बारा सहज. त्यापलीकडे जुन्या कागदात सहसा बारकावा शिल्लक नसतो. निगेटिव्ह सापडली तर ती आधी उचला. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० ला स्कॅन केली की सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल येतात, आणि स्कॅनर चांगला असेल तर त्याहून जास्तही. फक्त बुरशी आणि कसर तिच्यापर्यंत आपल्याआधी पोचतात, म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी करा.

ऑर्डर देण्याआधी

एवढं गणित करूनही खात्री वाटत नसेल तर लॅबवाल्याला सांगा, ‘फोटो वीस बाय तीसच्या मापात ठेवा आणि त्यातला चार बाय सहाचा तुकडा छापून द्या.’ एका साध्या प्रिंटचे पैसे लागतील. तुकडा घेताना सर्वांत बारीक काम असलेला भाग निवडा, माटवी किंवा मागच्या रांगेतले चेहरे. घरी जाऊन तो ठरलेल्या भिंतीवर चिकटवा आणि लोक जिथून बघणार तिथे, उंबऱ्याशी किंवा झोपाळ्यावर, बसून बघा. चेहरे तिथूनही फुटत असतील तर सोळा बाय चोवीसवर या. त्याच फाइलला तिथे दर इंची १६७ पिक्सेल मिळतात.